त्या वर्षीची भवानी

पेणच्या रामवाडीत माझी थोरली बहीण पोह्याचे पापड लाटते. होळी सरली की तिच्या अंगणात जुन्या सुती साड्या अंथरल्या जातात, आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत त्यांच्या विटक्या फुलांवर तळहाताएवढे पांढुरके गोल वाळत राहतात. भावजी गेल्यापासून तिचे सगळे वर्ष या दोन-अडीच महिन्यांच्या उन्हावर उभे आहे. ढग आले की काम संपले. मग पुढच्या होळीपर्यंत ती जे खाते ते या उन्हात मिळवलेले असते.

तिच्या हंगामाची पहिली मागणी माझी असे. भावजी गेले त्या वर्षी ताईने पापडाच्या धंद्याला प्रथमच हात घातला आणि तिला धीर यावा म्हणून पहिली मागणी मी नोंदवली. तो हंगाम भरभरून गेला. तेव्हापासून माझ्या हाताला गुण आहे असे तिने मनाशी धरले. दर पाडव्याला मी रोह्याहून पेणला जात असे, साधे किती आणि मिरीचे किती ते सांगत असे, आणि तिच्या तळहातावर एक नाणे ठेवत असे. ती ते कपाळाला लावी आणि पोळपाटाखाली सरकवी. हंगाम संपेपर्यंत नाणे तिथेच राही. लाटण्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर पाटाखालून त्याचा बारीक आवाज येई. दुकानदार सकाळच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतो. ताईची ही साऱ्या वर्षाची भवानी होती. ती झाल्याशिवाय ती दुसऱ्या कुणाची मागणी घेत नसे. आणि भवानी तोंडाने मागायची नसते. मागून घेतलेली भवानी फळत नाही, असे ती म्हणे. मी हसत असे. मला ते बहिणीने केलेले लाड वाटत.

ज्या वर्षी पाडव्याच्याच दिवशी सगळे बंद झाले, त्या वर्षी मी पेणला गेले नाही. दुपारी तिचाच फोन आला.

“गुढी उभारलीस गो?”

“उभारली. तू?”

“गाठी नाय मिळाली. साखरेची पुडीच बांधली काठीला. मुंग्यांची मजा झाली.” ती हसली, मीही हसले. मग ती म्हणाली, “ऊन कसं हाय तुमच्याकडे?”

ती काय विचारते आहे हे मला कळले होते. मागणी मागायची नाही म्हणून तिने उन्हाची चौकशी केली होती. मी खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर ऊन इतके कडक पडले होते की त्याकडे पाहताना डोळ्यांत पाणी येत होते.

“ऊन आहे,” मी म्हणाले. “ताई, मी कळवते हं.”

“कळव, कळव. घाई नाय.”

आम्ही वरसे गावात राहतो, रोह्याला चिकटून. माझा नवरा एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर आहे, ठेकेदाराच्या हजेरीपटावर. पहिले काही आठवडे त्याची कंपनी पूर्ण थांबली. रोह्यात इतकी वर्षे राहून त्या हवेतल्या वासाला मी मनसोक्त नावे ठेवली होती. सडलेल्या फळासारखा गोडसर, टाळूला चिकटणारा तो वास संध्याकाळी वाळत घातलेल्या कपड्यांत शिरे. आता तो गेला. हवा धुतल्यासारखी झाली, कुंडलिका नदीवरून खरा, ओला, शेवाळी वारा येऊ लागला. आणि माझ्या लक्षात आले की सासूबाई पहाटे उठून खिडकीशी उभ्या राहतात आणि नाक उंचावून हुंगतात.

“येतोय का गो?” त्या मला विचारत.

“नाही, आई.”

“मेला नको तेव्हा यायचा.”

कंपनी अर्ध्या माणसांवर सुरू झाली तेव्हा तो वास परत आला, आणि आम्ही तिघा मोठ्यांनी तो जाईजुईसारखा छातीत भरून घेतला.

पण अर्धी माणसे म्हणजे कोणती, हे दर आठवड्याला ठरे. शनिवारी दुपारी ठेकेदाराचा सुपरवायझर यादीचा फोटो पाठवी. पुढच्या आठवड्यात कुणी यायचे त्यांची नावे, हाताने लिहिलेली, कधी सरळ तर कधी तिरपी. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती विचारी, “बाबा पास झाले?” कुणाला काढून टाकले असे कुणी बोलत नसे. ‘ब्रेक दिला’ म्हणत. ब्रेक संपायची तारीख त्यात नसे. एका शनिवारी यादीतून दोन नावे गळली. त्यांतला एक माणूस माझ्या नवऱ्याशेजारच्या मशीनवर बारा वर्षे उभा राहिला होता. त्या दिवशी नवऱ्याने जेवताना भात परत घेतला नाही. मी वाढायला गेले तर त्याने ताटावर हात आडवा धरला. तो हात पुढे कित्येक आठवडे तसाच आडवा राहिला, आमच्या सगळ्या घरावर.

एक गोष्ट मला स्पष्ट लिहायला हवी, कारण तिच्याविषयी बोलायला मी नंतर लाजले आहे. आमच्याकडे पैसे होते. पगार थोडा कापून का होईना, येत होता. बाहेर जाणे नव्हते, लग्नकार्ये नव्हती, गाडीचे पेट्रोल नव्हते. त्या उन्हाळ्यात आमच्याजवळ जेवढे शिल्लक राहिले तेवढे आधी कधी राहिले नव्हते. आणि त्याच उन्हाळ्यात मी तेलाची बुधली पालथी घालून रात्रभर ठेवली, शेवटचा थेंब वाटीत उतरावा म्हणून. साबणाचे झिजलेले तुकडे एकमेकांवर दाबून त्यांची नवी वडी केली. ती अंगाला लावताना मधल्या भेगा बोचत. चहात दूध इतके कमी घातले की कपातला चहा गढूळ पाण्यासारखा करडा दिसे. पंखा दुपारी बंद. आम्ही चौघे घामाने ओल्या झालेल्या फरशीवर पडून राहत असू आणि कुणी कुणाला ‘पंखा लाव’ म्हणत नसे.

तांदळाचे मापटे भरले की मी त्यातली एक मूठ परत डब्यात टाकत असे. सासूबाई आतल्या गावच्या, भातशेतीतल्या. त्यांच्या माहेरी रोज एक मूठ देवासाठी बाजूला काढत. त्यांनी मला एकदा तसे करताना पाहिले.

“कोणत्या देवाची मूठ काढतेस गो?”

“देवाची नाही, आई. उद्याची.”

“मंग उद्याला काय परवाची काढशील?”

दाणे डब्यात पडतानाचा तो कोरडा, थंड आवाज मला आवडू लागला होता. दिवसभरात तेवढ्या एका आवाजापुरते मला मोकळे वाटे, आणि झाकण लावले की मी पुन्हा आतच.

आमच्या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांचे सामान उन्हाळ्यातच भरून ठेवतात. त्याला आगोट म्हणतात. मसाला, सुके बोंबील, कडधान्य, कांदे, मीठ, पापड. आगोट भरणे म्हणजे येणारे चार महिने आपण याच घरात, याच चुलीशी असू असे धरून चालणे. आम्ही तर शनिवार ते शनिवार जगत होतो. पावशेर डाळ, लहान पुडी तिखट, एक दिवसाचे कांदे. नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या ज्या दुकानातून आम्ही पोत्याने सामान आणत असू तिथे जायच्या पुलावर बांबू आडवे बांधले होते. सुरुवातीला मी त्या बांबूंचे निमित्त सांगितले. पुढे बांबू निघाले. मी पुलापर्यंत जाऊन परत आले.

“आये, एकदम भरून ठेवलं आणि नाव नाय आलं तर?” नवरा आईला म्हणे. “हातात काही नको?”

“नोकरी जाईल तेव्हा जाईल. पाऊस काय तुज्या सुपरवायझरला इचारून येणार हाय?”

“तुला कळत नाय.”

“व्हय बाबा, मला कसं कळंल. मी काय यादीत हाय?”

त्या शेवटच्या वाक्यावर तो हसला आणि लगेच गंभीर झाला. पण सामान आले नाही. पापडाचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. पापड ही तर सर्वांत आधी सोडून देण्याची वस्तू. त्यावाचून जेवण अडत नाही. ताईला काय, माझ्या एका घराच्या पापडांनी तिचे असे किती अडणार आहे. सारे पेण पडले आहे तिला घ्यायला. मी असा हिशोब मनात मांडला आणि तो मला पटला. मी फक्त माझ्या घरातले कमी करते आहे, अशी माझी समजूत होती.

ताईचे फोन येत राहिले. बोलणे माझ्या मुलीच्या केसांचे, शेजारच्या म्हशीचे, बाजारात भाजीच्या गाड्यांपाशी मारलेल्या चुन्याच्या चौकोनांचे. आणि दर वेळी शेवटी, फोन ठेवता ठेवता, तोच प्रश्न:

“ऊन कसं हाय गो?”

“आहे.”

“आमच्याकडे बी हाय. चांगलं हाय.”

“ताई, कळवते मी.”

“घाई नाय.”

चैत्र गेला, वैशाख गेला. नवऱ्याचे नाव प्रत्येक शनिवारी होते. कधी वर, कधी तळाशी, एकदा तर खाडाखोड करून पुन्हा लिहिलेले. त्या खाडाखोडीकडे आम्ही आठवडाभर पाहत राहिलो, कागदाचा फोटो मोठा करून, शाईच्या रेघांतून कुणाचा तरी हेतू वाचू पाहत. नाव असण्याने सुटका होत नसे. पुढचा शनिवार लगेच दिसू लागे.

मे सरत आला होता. दुपारी जेवताना सासूबाई वालाच्या आमटीशी नुसता भात कालवत होत्या. त्यांचा हात थांबला.

“तुज्या बहिनीचा डबा नाय आला यंदा. लाटते तरी का ती?”

“लाटतच असेल की.”

“तुजी भवानी झाली?”

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दर वर्षी पाडव्याहून परतले की त्या मला विचारत, ‘केलीस बहिनीची भवानी?’ पाडव्याच्या फोननंतर इतक्या आठवड्यांत तो शब्द मला एकदाही आठवला नव्हता. मी उठले आणि खरकटा हात तसाच ठेवून डाव्या हाताने फोन लावला.

“ताई, माझी मागणी लिही. दर वर्षीची.”

तिकडून वही उघडल्याचा आवाज आला.

“ताई?”

“लिहिते.”

“कितवी आहे गं माझी?”

“कितवी कशी? तुजीच पहिली असते ना.”

“म्हणजे अजून... तू अजून लाटलेच नाहीस?”

“घरच्यापुरत्या केल्या चार लाट्या. पोह्याचं पीठ दळून ठेवलंय कधीचं. डबे भरून हाय.”

“पण लोकांनी मागितले असतील की!”

“मागितले. सगळ्या आल्या दारात. मी बोलले, थांबा जरा, माज्या बहिनीचं येऊ दे. थांबल्या काय दिवस. मंग घरीच बसलेल्या सगळ्या, पोरी घरात, पुरुष घरात, कामच नाय. लाटले आपापले.” तिचा आवाज शांत होता, जणू ती दुसऱ्या कुणाचे सांगत होती. “आता कोन घेतंय.”

“ताई, तू मला विचारायचंस तरी!”

“भवानी मागतात होय?”

“मग मला सोडून दुसऱ्या कुणाकडून करायची.”

“तू ‘नाय’ बोलली असतीस तर केली असती,” ती म्हणाली. “तू ‘नाय’ बोललीसच नाय. तू बोललीस, ‘कळवते’.”

माझ्या उजव्या हातावरचा भात वाळून बोटांना ओढ देत होता. मी तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा अंगापासून दूर धरून उभी होते. मला नोकरी जाण्याची भीती होती म्हणून मी कुठल्याच गोष्टीला हो म्हणत नव्हते; आणि ती भीती बोलून दाखवायची लाज होती म्हणून नाही म्हणत नव्हते. त्या दोहोंच्या मध्ये मी तिला पाडव्यापासून बसवून ठेवले होते, तिच्या अंगणात, रिकाम्या साड्यांपाशी, इतक्या चांगल्या उन्हात.

दुसऱ्या दिवशी तिने पीठ भिजवले. नाणे मी देऊ शकले नव्हते; तिने स्वतःच्याच डब्यातले एक घेऊन ते माझे म्हणून पाटाखाली ठेवले, असे तिने मला फोनवर सांगितले. तीन दिवस ऊन मिळाले. मग समुद्रावरून वादळ आले. आमच्या जिल्ह्यात त्या वादळाने काय केले ते सगळ्यांना माहीत आहे. रोह्यात आमच्या खिडकीची काच फुटली आणि दिवसचे दिवस वीज नव्हती. ताईच्या पडवीचे पत्रे उडाले, साड्या शेजारच्या आंब्यावर सापडल्या, आणि तो आंबाही आडवा झाला होता.

पुढे लोक म्हणत राहिले की त्या वर्षीचे सारे वादळाने नेले. ताईचा हंगामही त्यांनी त्यातच धरला. मला ते ऐकायला सोयीचे होते, आणि मी एक-दोनदा मानही डोलावली. पण वादळ येण्याआधीचे सगळे दिवस लख्ख होते. मी ते आमच्या समोरच्या भिंतीवर एक-एक पाहिले होते.

जून अर्धा झाल्यावर भाजीच्या टेम्पोतून डबा आला. तीन उन्हे लागलेले पापड तिने उरलेले दिवस घरात, चुलीच्या वर दोरीला फडकी बांधून वाळवले होते. झाकण उघडताच ओल्या पोत्याचा आणि धुराचा वास आला. तेलात सोडले तर ते फुलले नाहीत. कडा वळल्या, मध्ये बुळबुळीत डाग राहिले. सासूबाईंनी एक तुकडा मोडला, दातांखाली धरला.

“मऊ पडलेत,” मुलगी म्हणाली.

“खा गुपचूप,” सासूबाई म्हणाल्या. “मावशीच्या हातचे हायत.”

आम्ही ते सगळे खाल्ले. चारही महिने, रोज एक-एक. नवऱ्याने पानातला तुकडाही टाकला नाही. त्याचे नाव त्या पावसाळ्यातही प्रत्येक शनिवारी आले. नोकरी गेली नाही. जे व्हायचे म्हणून आम्ही स्वतःला आवळून घेतले होते ते आमच्या घरात झालेच नाही. जे झाले ते रामवाडीत झाले. ताईने त्या वर्षी काय विकले, काय खाल्ले, ते तिने मला सांगितले नाही. मी पाठवलेली मदत तिने दोनदा परत केली. तिसऱ्यांदा घेतली, आणि त्यानंतर बरेच दिवस फोन केला नाही.

पुढच्या वर्षी मी पाडव्याची वाट पाहिली नाही. होळी झाल्यावर चौथ्याच दिवशी सकाळची एसटी धरली. पुन्हा सगळे बंद होईल अशी कुजबुज सुरू झाली होती. खिडकीच्या गजांना हात लावायला माणसे कचरत होती. मी मात्र एका हाताने गज धरला होता. दुसऱ्या मुठीत नाणे होते, घरून निघतानाच काढून घेतलेले.

रामवाडीत अंगण भरले होते. नव्या पत्र्यांखाली सावली गडद होती, आणि तिच्या पलीकडे साड्यांवर पापडांच्या ओळी, काही अजून ओलसर, काही वाळून कडेने किंचित उचललेल्या. हिंगाचा वास अंगावर आला. ताई पाटापाशी बसली होती. लाटण्याच्या फेऱ्याबरोबर पाटाखालून तो बारीक आवाज येत होता, धातूचा, ओळखीचा. मी उंबऱ्यावरच थांबले.

तिने वर पाहिले. माझ्या मिटलेल्या मुठीकडे पाहिले.

“भवानी झाली गो माजी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “होळीच्या दुसऱ्या दिवशी. शेजारच्या काकूंनी केली.”

“हो का. बरं झालं.”

“म्हटलं, उगा तुला कशाला कोड्यात टाकायचं. तुजंपन घर हाय. तुजे शनिवार हायत.” तिने पिठाच्या हाताने पाट पुढे सरकवला. “बस ना. सांग तुजी. किती साधे, किती मिरीचे?”

मी सांगितले. तिने वहीत लिहून घेतले. माझ्या आधी अकरा नावे होती. मग तिने परातीतून एक लाटी उचलली, तेलात बुडवून माझ्यापुढे धरली. मी ती डाव्या हाताने घेतली. ती कच्ची, तिखट, पापडखाराने जिभेला झोंबणारी होती, लहानपणी आई देई तशीच.

परत येताना मूठ उघडली तेव्हा नाणे घामाने चिकटले होते. ते निघाले, पण त्याचा गोल ठसा तळहातावर राहिला, आणि तो वास, तांब्या-पितळेचा, घरी येऊन साबणाने दोनदा हात धुतले तरी गेला नाही. त्या साबणाला अजून जुन्या तुकड्यांचा जोड होता. त्याच हाताने मी संध्याकाळी मापटे भरले, आणि एक मूठ परत डब्यात टाकली.